फिकट निळ्या डब्याच्या मागे मेलबर्नपर्यंत

कॅसल हिल, सिडनी

मेलबर्नला लोक कॉफी प्यायला जातात, क्रिकेट बघायला जातात, फार तर नातेवाइकांचं नवं घर बघून नाक मुरडायला जातात. मी गेलो तो एका जपानी माणसावर जळायला. ते सिडनीतून करता येत नव्हतं असं नाही. दोन वर्षं मी घरबसल्या तेच करत होतो. पण सगळंच ऑनलाइन झालेलं असताना एखादी गोष्ट तरी समक्ष जाऊन करावी असं माणसाला वाटतं.

हा माणूस म्हणजे ताकू. ‘मिझुइरो बेंतो’ या जपानी बँडचा गायक. मिझुइरो बेंतो म्हणजे फिकट निळा जेवणाचा डबा. बँडला कोणी डबा म्हणतं का, असं मी माझ्या मुलीला, इराला, हसत हसत विचारलं तेव्हा तिने एका कानावरचा हेडफोन उचलला, ‘इट्स नॉट फनी, बाबा’ म्हणाली आणि पुन्हा लावला. त्या आठवड्यातलं आमचं ते सगळ्यात मोठं संभाषण.

ही तीच मुलगी, जी प्रायमरीत असताना बूट काढायच्या आधी शाळेतला अख्खा दिवस मला सांगून मोकळी व्हायची. पोहण्याच्या क्लासला जाताना गाडीत आम्ही दोघं गळे काढून गायचो. मग लॉकडाऊन आलं. एका खोलीत माझं ऑफिस, दुसरीत तिची शाळा. बायको मुग्धा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, त्यामुळे रोज घराबाहेर पडणारी ती एकटी. मला तिचाही हेवा वाटायचा, पण तो इथला विषय नाही. इराचं दार बंद झालं ते शाळा सुटल्यावरही उघडेना. आणि त्या बंद दाराआडून एका पुरुषाचा आवाज यायला लागला. मी आपला बाहेर, हातात कापलेल्या सफरचंदाची बशी घेऊन उभा.

शत्रूचा अभ्यास करावा म्हणून ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून मी त्याची कारकीर्द वाचून काढली. समुद्रकाठच्या एका लहान गावात हारु नावाच्या मुलीच्या वडिलांचं डब्यांचं दुकान. ताकू तिथे डबे पोचवायचा. दुकान बंद झालं की मागच्या खोलीत दोघं गाणी करायची. ती हार्मनी आणि कीबोर्ड, तो गळा. नाव झालं ते एका अ‍ॅनिमेच्या शीर्षकगीताने. अ‍ॅनिमेला कार्टून म्हटलेलं आमच्या घरात चालत नाही. दीपगृहात एकटी राहणारी मुलगी आणि तिचं बोलकं बदक, अशी ती मालिका. या शीर्षकगीतांना दीड मिनिट मिळतं. त्यात नायिका, समुद्र, वादळ, आशा आणि बदक, सगळं बसवायचं. मला मीटिंगमध्ये नुसती स्वतःची ओळख करून द्यायला त्याहून जास्त वेळ लागतो. माझ्या पोटात पहिल्यांदा दुखलं ते इथे.

पुढे उतरती कळा लागलेली वाचून मला बरं वाटलं. त्यांनी गाणं दिलेल्या मालिका एकामागून एक पडल्या. ताकू सुपरमार्केटांच्या उद्घाटनात गायला लागला. हारुचे वडील आजारी पडले आणि ती दुकान सांभाळायला गावी परत गेली. ताकूने मात्र डबा टाकला नाही. दोघांचं नाव घेऊन एकटाच फिरत राहिला. आणि मग महामारीत जगभरची पोरं घरात अडकून जुनी अ‍ॅनिमे उकरून बघायला लागली, त्यांना ते दीपगृह सापडलं आणि ताकू पुन्हा वर. म्हणजे ज्या महामारीत माझं प्रमोशन रखडलं, माझे केस गेले आणि माझी मुलगी दाराआड गेली, तिच्यातच या गृहस्थाचं नशीब उघडलं. माझ्याहून एका वर्षाने मोठा आहे. केस सगळे शाबूत. मी त्याला मनातल्या मनात ‘ताकोबा’ म्हणायला लागलो. तेवढाच आधार.

बावीस सालच्या हिवाळ्यात तो मेलबर्नला येतोय असं कळलं. इरा दाराबाहेर आली! स्वतःच्या पायांनी, स्वयंपाकघरापर्यंत.

‘बाबा, कॅन वी गो? प्लीज?’

‘जाऊ की,’ मी म्हणालो. ‘गाडीने जाऊ.’

‘अरे, विमानाने दीड तास लागतो,’ मुग्धा म्हणाली.

‘दीड तासात काय होतं? गाडीत नऊ-दहा तास मिळतात. आणि धावत्या गाडीतून तिला उतरता येत नाही.’

‘तू लेकीला फिरायला नेतोयस की पळवून नेतोयस?’ तिला शिफ्ट होती, त्यामुळे हा कट फक्त आम्हा दोघांत पार पडणार होता.

तयारीत एक गोष्ट मी गुपचूप केली. जपानी गाण्यांच्या कार्यक्रमाला लोक हातभर लांबीचा दिवा घेऊन जातात आणि तालावर हलवतात. इराने तिचा जपानहून मागवला होता, फिकट निळा. मी हॅरिस पार्कात गणपतीच्या आराशीचं सामान ठेवणाऱ्या दुकानातून तसाच एक घेतला. तिच्या दिव्यात एक रंग, माझ्यात सात. मला वाटलं, इथे तरी आपण पुढे.

मेंढी आणि पाणबुडी

पहाटे निघालो. मुग्धाने धपाटे, लसणाची चटणी आणि दहीभात दिला होता. गोल्बर्नला रस्त्याकडेला तीन मजली उंच काँक्रीटची मेंढी उभी आहे. खरं तर मेंढा. ते मागून बघितल्यावर कोणालाही शंका राहत नाही. पोटात लोकरीचं दुकान. मी इराला म्हणालो, ‘आपल्याकडे एवढं कोणाचं उभारायचं म्हणजे निदान निवडणूक जिंकावी लागते.’ ती हसली नाही. तिने मेंढ्याचा फोटो काढून कोणाला तरी पाठवला आणि तिकडून उत्तर आल्यावर मोठ्याने हसली. विनोद माझा, मेंढा माझा, पेट्रोल माझं, आणि हसू भलतीकडे जमा.

मग मी हुकुमाचं पान काढलं. महिनाभर आंघोळ करताना मी ताकूचं एक गाणं देवनागरीत लिहून पाठ केलं होतं. शब्द कळत नव्हते, पण चाल अशी व्याकुळ की नक्की विरहाचं असणार. गंडगायच्या पुढे, पिवळ्या टेकड्या आणि मोकळा रस्ता बघून मी सुरुवात केली. डोळे अर्धवट मिटावेसे वाटत होते, पण ताशी एकशे दहाच्या वेगात तेवढं टाळलं. शेवटची तान संपली.

‘बाबा.’ हेडफोन खाली आला होता. दोन्ही कानांवरचा. ‘डू यू नो व्हॉट दॅट इज?’

‘विरह?’

‘इट्स अ‍ॅन अ‍ॅड. मुळ्याच्या लोणच्याची. ही डिड इट व्हेन ही वॉज ब्रोक. यू जस्ट सँग, “कुरकुरीत आहे, भाताबरोबर खा.”’

महिनाभर शॉवरखाली डोळ्यांत पाणी आणून मी मुळा विकत होतो! पण एक गोष्ट झाली. हेडफोन खाली आला तो पुन्हा वर गेला नाही. ‘यू डोन्ट नो एनिथिंग’ असं म्हणून तिने मला शिकवायला घेतलं. ऐकताना मी मधेमधे मुद्दाम अडाणीपणा करत होतो, म्हणजे ती थांबणार नाही. फार मुद्दाम करावाही लागत नव्हता.

‘दीपगृहाच्या गाण्यात मधे एक ओळ हारुची आहे,’ ती सांगत होती. तिचं मराठी आणि इंग्रजी एकाच वाक्यात लपंडाव खेळतं, म्हणून आता मी बरंचसं मराठीत लिहितो. ‘ती सोडून गेल्यापासून ताकू ती ओळ गात नाही. मागे सरकतो आणि पब्लिक गातं. सगळं पब्लिक.’

‘म्हणजे तू उद्या गाणार?’

‘नाही. जपानमध्ये कोविडमुळे शोमध्ये ओरडायचं नाही, गायचं नाही, फक्त टाळ्या आणि लाइट. इथेही ते तोच रूल ठेवणारेत. ओन्ली क्लॅपिंग. तुला जमेल ना?’

‘मी काय लहान आहे?’

हॉलब्रुकला पोचलो तर समुद्रापासून शेकडो मैल आत, गावातल्या हिरवळीवर, खरीखुरी पाणबुडी. दहीभात तिच्या सावलीत बसून खाल्ला. एक म्हातारे गोरे गृहस्थ कुत्रा फिरवत आले. मी विचारलं, ही इथे कशी? ते म्हणाले, ‘वी लाइक्ड इट, मेट,’ आणि पुढे गेले. आमच्या पुण्यात याच्यावर दोन समित्या बसल्या असत्या आणि पाणबुडी अजून बंदरावरच असती.

ऑल्बरीला दोन राज्यांच्या सीमेवरचा मरी नदीचा पूल आला तशी मी सवयीने गाडी हळू केली आणि लसीची सर्टिफिकेटं शोधायला लागलो. ती मी लॅमिनेट करून ठेवली होती. वर्षापूर्वी याच पुलावर परमिटशिवाय कोणाला सोडत नव्हते. आता तिथे पोलीस नाही, तंबू नाही, काही नाही. मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न दिला. ‘बाबा, नोबडी वॉन्ट्स टू सी इट,’ इरा म्हणाली. इतकी मेहनत करून लॅमिनेट केलेल्या वस्तूला हे ऐकावं लागलं.

वेरिबी

मुक्काम मेलबर्नच्या वेरिबी या उपनगरात, माझा कॉलेजचा मित्र सच्या याच्याकडे. त्याचं घर आमच्या घराच्या दीडपट, हप्ता आमच्याहून कमी, आणि हे दोन्ही तो दारातच सांगतो. मेलबर्नच्या लोकांना आणखी एक अभिमान आहे, तो म्हणजे त्यांच्या लॉकडाऊनचा. 

‘तुमचं सिडनीचं लॉकडाऊन म्हणजे हाफ-डे रे नंद्या,’ सच्या मिसळीवर शेव टाकत म्हणाला. ‘आम्हाला रात्री कर्फ्यू होता, कर्फ्यू!’

‘आम्हालाही होता... काही सबर्ब्समध्ये.’

‘काही सबर्ब्समध्ये!’ तो केतकीकडे, त्याच्या बायकोकडे, बघून हसला. मी त्या कर्फ्यूवरही जळलो. मिसळ उत्तम होती, हे मी त्याला सांगितलं नाही.

पण खरा घाव पुढेच होता. इरा त्याला म्हणाली, ‘सच्याकाका, तुला माहितीये, बाबाने पूर्ण वाटेत मुळ्याची अ‍ॅड म्हटली.’ आणि सगळा किस्सा रंगवून, माझी मान कशी हलत होती त्याची नक्कल करून, चक्क मराठीत सांगितला. सच्या खुर्चीतून पडायचा बाकी होता. मला राग यायला हवा होता. पण ती बोलत होती, तास-दीड तास बोलत होती, आणि ऐकणारा सच्या होता. दहा तास गाडी मी चालवली आणि माल उतरला सच्याच्या घरी!

केतकीने माझ्या ताटात भात वाढताना हळूच म्हटलं, ‘नंदू, गोष्ट सच्याला सांगतेय, पण आहे तुझीच.’ केतकीचं हे असलं शहाणपण सच्याला मिळतं, याचाही मला हेवा वाटला.

हॉलमध्ये

शो दुपारचा. इथल्या भाषेत आर्व्होचा. वेरिबीहून ट्रेनने शहरात गेलो. हॉलबाहेरची रांग बघून मी बिचकलो. निळे केस, बदकाचे मुखवटे, आणि एक धिप्पाड मुलगा संपूर्ण दीपगृहाच्या वेषात, डोक्यावर फिरता दिवा. या सगळ्यांत विचित्र मीच दिसत होतो, इस्त्रीचा शर्ट आणि स्वेटर घालून. बाहेर एक बाई डबे विकत होती. मी घेतला. भात, अंड्याची गोडसर वडी आणि कोपऱ्यात पिवळा मुळा. मी मुळा खाऊन बघितला. कुरकुरीत होता. भाताबरोबर चांगला लागत होता. जाहिरातीत खोटं काही नव्हतं. त्या माणसाची ही बाजूही सच्ची निघाल्याने माझी चिडचिड वाढली.

आत सगळे मास्क लावून बसले. दारावरच्या स्वयंसेवक मुलीने पाटी दाखवली: आवाज नको, टाळ्या चालतील. दिवे गेले. हॉलभर फिकट निळे दिवे लागले. मी माझा चालू केला. लाल. हिरवा. जांभळा. पिवळा. लाल.

‘बाबा! मेक इट ब्लू!’

मी बटण दाबलं, तर तो रंग बदलायचा तसाच बदलत राहिला आणि वर लुकलुकायलाही लागला. बंद होईना. आराशीचा दिवा तो, विसर्जनापर्यंत चालायचं एवढंच त्याला ठाऊक. स्वेटरखाली लपवला तर माझं पोट आतून उजळायला लागलं. इरा एक खुर्ची सरकून बसली.

ताकोबा आला. साधा निळा शर्ट, थोडं पोट. पोट बघून मी मनात टाळी वाजवली. तेवढीच. मग तो गायला लागला आणि मी त्याच्या चुका शोधायला बसलो. मी लहानपणापासून नाट्यसंगीतात वाढलेला माणूस. वडील मला मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसायचे. बेसूर शंभर फुटांवरून ओळखतो. मी वाट बघितली. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं, पाचवं गेलं. मेल्याने एक जागा सोडली नाही.

आणि मग दीपगृह. इरा ताठ बसली. तो त्या ओळीपाशी आला, वाद्यं थांबली, तो माइकपासून दोन पावलं मागे सरकला आणि त्याने हात पुढे केला. हजारभर माणसं ती ओळ पाठ असून गप्प. नुसते दिवे हलतायत. स्टेजवर एका बाजूला कीबोर्ड ठेवलेला, त्याच्यामागे कोणी नाही. ताकू तिकडे बघत होता. हारु तिकडे गावात त्या वेळी डबे भरत असेल. त्याने ती ओळ संपेपर्यंत मान हलवली, जणू त्याला ऐकू येत होती, आणि मग बरोबर समेवर येऊन पुढचा सूर असा लावला की...

बघा, माझ्या बाजूने एवढंच सांगतो की ते मी केलं नाही. ते माझ्या वडिलांनी केलं, पहिल्या रांगेने केलं. मास्कच्या आतून, पोटातल्या लुकलुकणाऱ्या दिव्यासकट उभा राहून, मी ओरडलो, ‘वन्स मोअर!’

आमच्याकडे नाटकातल्या पदाला ही पावती न देणं म्हणजे असभ्यपणा. इथे हजार माना वळल्या. दीपगृहवाल्या मुलाच्या डोक्यावरचा दिवाही माझ्यावर येऊन थांबला. इराने डोक्यावर हुडी ओढली, दोऱ्या आवळल्या आणि चेहऱ्याच्या जागी फक्त एक भोक ठेवलं. स्वयंसेवक मुलगी वाकून आली, ‘सर, जस्ट क्लॅपिंग, येह? नो वरीज.’

गाणं थांबलं होतं. ताकूने कपाळावर हात धरून अंधारात बघितलं. त्याला मी सापडायला वेळ लागला नाही. सात रंगांत लुकलुकणारा मी एकटाच होतो.

‘वन्स मोअर?’ त्याने विचारलं.

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

तो हसायला लागला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून हसला. मग वादकांना त्याने बोट फिरवून खूण केली, मागच्या कडव्यापासून. पुन्हा ती ओळ आली, पुन्हा तो मागे सरकला, पुन्हा ती शांतता. या खेपेला त्याने हात माझ्या दिशेला धरला होता. आणि पुन्हा तोच सूर, पहिल्याहून चांगला. मेल्याला माहीत होतं वन्स मोअर कसा घ्यायचा. गाणं संपल्यावर तो खोल वाकला. ‘थँक यू, ओजिसान,’ म्हणाला.

‘म्हणजे काय?’ मी हुडीतल्या भोकाला विचारलं.

‘अंकल,’ भोक म्हणालं.

माझ्याहून एका वर्षाने मोठा आणि मला अंकल!

परतीच्या ट्रेनमध्ये आणि पुढे

वेरिबीच्या ट्रेनमध्ये इरा एक सीट सोडून बसली. सीटवर ‘अंतर ठेवा’चं जुनं स्टिकर होतं. ते खास आमच्यासाठी राहिलं असावं. मला कळून चुकलं, संपलं. आता दार लागेल ते थेट लग्नाच्या वेळी उघडेल.

‘इरा, सॉरी. माझ्यामुळे तुला लाज...’

ती गर्रकन वळली. डोळे भरलेले. ‘लाज नाही बाबा! दोन वर्षं! दोन वर्षं मी त्याची सगळी गाणी ऐकली. मी नियम पाळला. मी तोंडसुद्धा उघडलं नाही. आणि त्याने तुझ्याकडे बघितलं! तुझ्याकडे! तुला तर मुळा आणि विरह यातला फरकही कळत नाही!’

एक इंग्रजी शब्द नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. फुगलेल्या नाकपुड्या, आवळलेले ओठ, जगाने आपल्यावर अन्याय केल्याची ती बालंबाल खात्री. हा चेहरा मी दोन वर्षं रोज दाढी करताना आरशात बघत होतो. पोरगी अगदी माझ्यावर गेली आहे. मला इतका आनंद झाला की तो लपवायला मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

‘डोन्ट स्माइल.’

‘मास्क आहे. तुला कसं कळलं?’

‘तुझे कान वर जातात.’

दुसऱ्या दिवशी निघालो तेव्हा सच्याने विचारलं, कसा झाला शो? इरा म्हणाली, ‘बाबाला विचार.’ मी तो किस्सा फार वाढवून सांगितला नाही. ताकूशी माझं आता वैयक्तिक नातं आहे, एवढंच सुचवलं. सच्याचं मोठं घर, कमी हप्ता आणि कर्फ्यू तीन मिनिटं तरी फिके पडले.

गाडीत ती पुढे बसली, हेडफोन मागच्या सीटवर टाकून. ऑल्बरीचा पूल मी यावेळी न थांबता ओलांडला. हॉलब्रुकची पाणबुडी गेली. तिथे तिने अट घातली, ‘पुढच्या शोला ओरडायची वेळ आली तर मी ओरडणार. तू नाही.’

‘मग मी काय करू?’

‘क्लॅप.’

‘बरं.’

थोड्या वेळाने मी ताकूचं दीपगृहाचं गाणं लावायला हात पुढे केला. तिने तो बाजूला सारला.

‘ते नको. मुळा म्हण.’

‘मी? आत्ता?’

‘मग काय ताकू म्हणेल?’

मी म्हटला. आता अर्थ माहीत असल्यामुळे जरा संकोच वाटत होता, पण कुरकुरीत या शब्दावर चांगली जागा घेतली. शेवटी भाताबरोबर खा, भाताबरोबर खा, असं दोनदा म्हणून थांबलो. बाहेर टेकड्या, मेंढ्या, लांबलचक रस्ता. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग काचेलाच सांगितल्यासारखं, अगदी हळू म्हणाली,

‘वन्स मोअर.’

ताकूला एवढा मोठा हॉल मिळतो, दिवे मिळतात, केस मिळतात. हे त्याला ऐकायला मिळालं नाही. मी घसा खाकरला आणि मुळा पुन्हा पहिल्यापासून धरला.